अवघड सुडोकूत अडकलात तर आधी काय शोधायचं आणि कशाच्या मागे लागायचं नाही

पेपरातलं रोजचं सुडोकू चहाबरोबर सुटतं, हे त्याबद्दल नाही. हे आहे ते रविवारच्या पुरवणीतल्या नाहीतर ॲपमधल्या 'एक्स्पर्ट', 'मास्टर' असं लिहिलेल्या सुडोकूबद्दल, जे निम्मंअर्धं भरेपर्यंत छान चालतं आणि मग असं काही अडतं की पुढचा अर्धा तास माणूस नुसता कागदाकडे बघत बसतो. नेटवर शोधलं की वीस-पंचवीस टेक्निकची यादी मिळते, एक्स-विंग काय, स्वोर्डफिश काय, एएलएस काय, चित्रं रंगीत आणि प्रत्येक उदाहरण नेमकं त्याच टेक्निकसाठी निवडलेलं, त्यामुळे वाचताना सगळं कळतं आणि आपल्या सुडोकूवर आलं की काहीच दिसत नाही. आधी काय शोधायचं, कशाच्या मागे लागायचं नाही, हे कोणी सांगत नाही.

माझा हिशोब दोनच गोष्टींचा आहे. ती गोष्ट डोळ्याला किती पटकन सापडते आणि सापडल्यावर पदरात काय पडतं. आणि हे सगळं कागद-पेन्सिलवाल्यांसाठी आहे, कारण इथे रत्नागिरीकडे जुलैमध्ये एकदा लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवर पण झोपतो, मग ॲपमधलं हिंटचं बटण दाबायला नेटच नसतं. कोकण रेल्वेत तर काय, उक्षी सोडून गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली की नेटवर्क गुल, आणि पावसाळी वेळापत्रकात गाडी आधीच रमतगमत चाललेली असते. कागदावर सोडवायची सवय आपोआप लागते.

पुढे घरांची नावं लागतील म्हणून आत्ताच सांगतो. आ म्हणजे वरून मोजलेली आडवी ओळ, उ म्हणजे डावीकडून मोजलेली उभी ओळ, म्हणजे आ४उ७ म्हणजे वरून चौथ्या ओळीतलं डावीकडून सातवं घर. आणि दोन घरं एकाच ओळीत किंवा एकाच बॉक्समध्ये असली की ती एकमेकांना 'दिसतात' असं म्हणू, म्हणजे दोघांत तोच आकडा येऊ शकत नाही.

आता तयारी. थॉमस स्नायडर म्हणून अमेरिकन खेळाडू आहे, तीनदा वर्ल्ड चॅम्पियन झालेला, त्याच्या नावाची एक नोट्स काढायची पद्धत आहे की बॉक्समध्ये एखादा आकडा फक्त दोनच घरांत जात असेल तरच तो बारीक लिहायचा, बाकी काही लिहायचं नाही. सोप्या आणि मध्यम सुडोकूला ही पद्धत झकास, कागद स्वच्छ राहतो आणि स्पीड येतो. पण अवघडमध्ये तेवढ्याने भागत नाही, अडकलात की प्रत्येक रिकाम्या घरात जाणारे सगळेच्या सगळे आकडे लिहून काढावे लागतात, त्याला शॉर्टकट नाही. मी पेपरातल्या चौकोनावर हे करत नाही. एक तर घरं एवढीशी, त्यात आमच्याकडे पावसाळ्यात पेपर इतका दमट असतो की एचबी पेन्सिल जरा दाबली की कागद उठतो आणि खोडरबर फिरवला की सरळ भोक. त्यापेक्षा वहीच्या पाठकोऱ्या पानावर मोठं जाळं आखायचं, आणि आकड्यांऐवजी टिंबं काढायची, मोबाईलच्या कीपॅडवर आकडा जिथे असतो तिथे. म्हणजे १ वरच्या डाव्या कोपऱ्यात, ५ मधोमध, ९ खालच्या उजव्या कोपऱ्यात. आकडा बाद झाला की टिंब खोडायचं नाही, त्यावर बारीक फुली मारायची. दोन फायदे, कागद टिकतो आणि एकच आकडा सगळ्या पानावर कुठे कुठे आहे हे बघताना डोळा त्याच कोपऱ्यात फिरतो, वाचावं लागत नाही. हे दुसरं फार कामाचं आहे, पुढे कळेल.

टिंबं काढून झाली की लगेच एक्स-विंगवर उडी मारू नका. आधी लपलेल्या जोड्या बघा. म्हणजे एखाद्या बॉक्समध्ये २ आणि ९ हे दोन आकडे फक्त त्याच दोन घरांत जात असतील तर त्या घरांतले बाकीचे सगळे आकडे उडतात, मग तिथे आणखी चार टिंबं का असेनात. उघडी जोडी, म्हणजे दोन घरांत फक्त तेच दोन आकडे उरलेले, सगळ्यांना दिसते, लपलेली दिसत नाही कारण ती गर्दीत असते. 'ॲडव्हान्स्ड टेक्निक लागणार' म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी सुडोकूंमध्ये घोडं इथेच पेंड खात असतं. तसंच बॉक्समधला आकडा एकाच ओळीत अडकलाय का तेही बघून घ्या, म्हणजे त्या ओळीत बॉक्सच्या बाहेर तो आकडा उडतो.

इथून पुढे खरं काम. या पंचवीस नावांपैकी निम्म्याहून जास्त नावांच्या मागे एकच विचार आहे, तो एकदा डोक्यात बसला की नावं पाठ करावी लागत नाहीत. विचार असा की दोन लांबच्या घरांपैकी किमान एकात तरी अमुक आकडा नक्की आहे, हे सिद्ध करायचं, मग त्या दोघांनाही दिसणाऱ्या प्रत्येक घरातून तो आकडा उडतो. कुठल्या घरात आहे ते कळायची गरजच नाही. बस. पुढे जे येतंय त्यात वेगवेगळ्या मार्गाने हेच सिद्ध केलेलं आहे.

स्कायस्क्रॅपर घ्या. समजा ५ हा आकडा आडव्या ओळ १ मध्ये फक्त आ१उ२ आणि आ१उ६ मध्ये जातो, आणि आडव्या ओळ ८ मध्ये फक्त आ८उ२ आणि आ८उ५ मध्ये. दोन्हींचं एक टोक उभ्या ओळ २ मध्ये आहे, आणि त्या ओळीत दोन ५ येऊ शकत नाहीत, म्हणजे किमान एका ओळीचा ५ दुसऱ्या टोकाला गेलाच पाहिजे. मग आ१उ६ किंवा आ८उ५, दोघांपैकी एक तरी ५. आता दोघांनाही दिसणारी घरं बघा, वरच्या बॉक्समध्ये आ२उ५ आणि आ३उ५, खालच्या बॉक्समध्ये आ७उ६ आणि आ९उ६. या चारही घरांतून ५ बाद.

याचाच भाऊ म्हणजे पतंग, इंग्रजीत टू-स्ट्रिंग काइट म्हणतात. इथे एक आडवी ओळ आणि एक उभी ओळ, आणि दोघींची एकेक टोकं एकाच बॉक्समध्ये. ४ हा आकडा आडव्या ओळ ५ मध्ये फक्त उ२ आणि उ८ ला, आणि उभ्या ओळ ३ मध्ये फक्त आ६ आणि आ१ ला. आ५उ२ आणि आ६उ३ एकाच बॉक्समध्ये, दोन्ही ४ होऊ शकत नाहीत, म्हणून आ५उ८ किंवा आ१उ३ मध्ये ४ आहेच, आणि दोघांच्या नजरेत येणाऱ्या आ१उ८ मधून तो जातो. या दोघी माझ्या मते सगळ्यात स्वस्त. एका वेळी एकच आकडा बघायचा, टिंबांची पद्धत असेल तर डोळा एकाच कोपऱ्यात फिरवायचा, आणि ज्या ज्या ओळीत तो आकडा दोनच जागी आहे त्या ओळींवर शेजारी काडी मारून ठेवायची. दोन काड्या जुळतात का एवढंच बघणं. १ ते ९ सगळे आकडे असे बघायला फार वेळ लागत नाही.

एक्स-विंग सगळ्यांना माहीत असतो, दोन आडव्या ओळींत ७ फक्त उ३ आणि उ८ मध्येच जात असेल तर त्या दोन उभ्या ओळींत बाकी सगळीकडून ७ उडतो. सापडला तर घसघशीत मिळतं. पण त्यात दोन्ही टोकं नेमकी एका रेषेत लागतात, स्कायस्क्रॅपरला एकच लागतं, त्यामुळे स्कायस्क्रॅपर जास्त वेळा सापडतो. तरी लोक एक्स-विंग आधी शिकतात कारण चित्र देखणं असतं. स्वोर्डफिश म्हणजे तेच तीन ओळींत, आणि प्रत्येक ओळीत तीनही जागा भरलेल्या असायलाच हव्यात असं नाही, दोन असल्या तरी चालतं, म्हणूनच तो डोळ्याला पटकन लागत नाही. जेलीफिश चार ओळींचा. त्याच्या पुढे पाच ओळींचा शोधूच नका, कारण आडव्या ओळींत पाचचा असेल तर उभ्या ओळींत चारचा किंवा त्याहून लहान असतोच, दोघांची बेरीज ९ च्या वर जात नाही. जेलीफिश आमच्याकडे जाळ्यात आली तर कोणी घरी नेत नाही, इथेही तिची किंमत तेवढीच, सापडेपर्यंत दुसऱ्या मार्गाने सुडोकू सुटलेलं असतं.

सुडोकू एक्स्प्लेनर नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते प्रत्येक टेक्निकला कठीणपणाचे मार्क देतं. एक्स-विंगला ३.२, स्वोर्डफिशला ३.८ आणि एक्सवाय-विंगला ४.२. म्हणजे त्याच्या मते एक्सवाय-विंग स्वोर्डफिशपेक्षा अवघड. कॉम्प्युटरला असेल बाबा. माणसाच्या डोळ्याला हे बरोबर उलटं आहे, कारण एक्सवाय-विंगला फक्त दोन टिंबांची घरं लागतात आणि ती पानावर लांबूनच दिसतात, नाही दिसली तर एकदाच सगळ्यांभोवती गोल करून ठेवायचा.

तर एक्सवाय-विंग. आ४उ२ मध्ये २ आणि ६ उरलेत, हे मधलं घर. त्याच्याच बॉक्समध्ये आ६उ३ ला २ आणि ८. त्याच्याच आडव्या ओळीत आ४उ७ ला ६ आणि ८. मधलं घर २ झालं तर आ६उ३ ला ८ घ्यावाच लागतो, मधलं ६ झालं तर आ४उ७ ला ८ घ्यावाच लागतो. काहीही होवो, दोघांपैकी एक ८ आहेच. झालं, पुन्हा तोच विचार. आता दोघांना दिसणारी घरं मोजा, आ४उ१, आ४उ३, आणि पलीकडच्या बॉक्समध्ये आ६उ७, आ६उ८, आ६उ९. पाच घरांतून ८ उडाला! पण तिन्ही घरं जर तीन वेगळ्या बॉक्समध्ये असतील, म्हणजे काटकोनात पसरलेली, तर फक्त चौथ्या कोपऱ्यातलं एकच घर मिळतं. म्हणून शोधताना आधी एकाच बॉक्समधल्या दोन गोल केलेल्या घरांपासून सुरुवात करा ज्यांच्यात एक आकडा सारखा आहे, मग तिसरं बाहेर शोधा. मधल्या घरात तिसरा आकडा पण असेल, म्हणजे २, ६, ८, तर त्याला एक्सवायझेड-विंग म्हणतात, तिथे तिन्ही घरांना दिसणारंच घर उडवता येतं, त्यामुळे हाती जेमतेम एखाद-दोन घरं लागतात. दिसला तर घ्या, शोधत बसू नका.

डब्ल्यू-विंगबद्दल फार कोणी बोलत नाही आणि मला तो सगळ्यात आवडतो. लांब लांब दोन घरं, दोन्हीत अगदी तेच दोन आकडे, समजा आ३उ२ आणि आ७उ९, दोन्हीत १ आणि ५. एकमेकांना दिसत नाहीत म्हणून आपण सोडून देतो. पण उभ्या ओळ ५ मध्ये १ जर फक्त आ३उ५ आणि आ७उ५ ला जात असेल तर आपली दोन्ही घरं एकदम १ होऊच शकत नाहीत, नाहीतर उभ्या ओळ ५ ला १ मिळणारच नाही. मग एक तरी ५, आणि आ३उ९ आणि आ७उ२ मधून ५ गेला. सारखी दोन घरं दिसणं सोपं, मग त्यांच्यामध्ये पूल आहे का बघायचा. ॲपवाल्यांच्या 'मास्टर' लेव्हलला स्कायस्क्रॅपर, एक्सवाय-विंग आणि डब्ल्यू-विंग एवढ्यावर बरंचसं निभावतं असा माझा अनुभव.

युनिक रेक्टँगल वेगळ्या जातीचा आहे. चार घरं, दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी, आणि बॉक्स मात्र दोनच, जसं आ४उ१, आ४उ३, आ८उ१, आ८उ३. तिघांत फक्त ४ आणि ८, चौथ्यात ४, ८ आणि २. चौथ्यात पण ४-८ च राहिले तर त्यांची अदलाबदल करून दोन उत्तरं निघतील, आणि सुडोकूला उत्तर एकच असतं, म्हणून चौथ्यात २. दिसायला एकदम सोपं, आणि बॉक्स दोनच आहेत ना हे दोनदा बघा, चार बॉक्समध्ये पसरलेल्या चौकोनाला हा नियम लागत नाही. काही जुने खेळाडू याला चीटिंग म्हणतात कारण हे सुडोकूच्या नियमांतून येत नाही, बनवणाऱ्याने काम नीट केलंय या भरवशावर येतं. मला त्यात काही पाप वाटत नाही, पण कुठल्यातरी कोपऱ्यातल्या ॲपचं किंवा व्हॉट्सॲपवर फिरत आलेलं, कोणीतरी हाताने उतरवलेलं सुडोकू असेल तर हा वापरू नका, एक आकडा चुकून गळलेला असला की उत्तरं दोन होतात आणि मग सगळंच गंडतं. याच जातीचा एक शेवटचा डाव आहे, बग प्लस वन. सगळ्या उरलेल्या घरांत दोन-दोनच टिंबं आणि फक्त एका घरात तीन, तर त्या घरात तो आकडा टाका जो त्याच्या ओळीत तीन वेळा टिंबात दिसतो. क्वचित येतो पण आला की सुडोकू संपलंच.

एवढं सगळं करून नाही सुटलं तर साखळी. नावं पुन्हा डझनभर, एक्स-चेन, एक्सवाय-चेन, एआयसी, पण लक्षात आलं असेलच की स्कायस्क्रॅपर ही दोन दुव्यांची साखळी आणि एक्सवाय-विंग ही तीन घरांची. लांबवायची कशी तर 'हे नसेल तर ते आहेच, ते असेल तर पलीकडचं नाही, पलीकडचं नसेल तर त्याच्या पुढचं आहेच' असं बोलत बोलत पुढे जायचं. सुरुवात 'नसेल तर'ने करायची आणि शेवट 'आहेच'वर, आणि दोन्ही टोकांना तोच आकडा आला की काम झालं. 'नसेल तर ते आहेच' म्हणायला ओळीत किंवा बॉक्समध्ये तो आकडा दोनच जागी हवा, किंवा घरात दोनच टिंबं हवीत, इथे ढिलाई केली की साखळी खोटी. दोन टिंबांची घरं भरपूर असतील तर एक्सवाय-चेन, म्हणजे घराघरांतून उड्या, सोपी पडते. ती कमी असतील आणि एखादा आकडा बऱ्याच ओळींत दोनच जागी असेल तर त्या एकाच आकड्याला दोन रंगाच्या पेन्सिलींनी आळीपाळीने रंगवत जा. एक रंग सगळा खरा, दुसरा सगळा खोटा. एकाच ओळीत एकाच रंगाची दोन घरं आली की तो रंग बाद, आणि मग एका झटक्यात पाच-सहा घरं भरतात. एएलएस (ऑलमोस्ट लॉक्ड सेट, म्हणजे घरांपेक्षा एकच आकडा जास्त उरलेले घरांचे गट) वगैरे मी कागदावर करत नाही, ते ताकदीचं आहे पण डोळ्याने शोधणं म्हणजे शिक्षा.

आणि अंदाज? आमची आत्ये निवृत्त शिक्षिका, ती बॉलपेनने सोडवते आणि माझ्या पानावरची टिंबं बघून म्हणते, "अरे, कशाला एवढा उपद्व्याप, एक आकडा धरायचा आणि पुढे जायचं." मी म्हटलं, "आत्ये, धर ना, पण पेन्सिलने धर, आणि दोन्ही आकडे धरून बघ." हाच तो मुद्दा. एकच आकडा धरून पुढे पळालात आणि उत्तर निघालं तर तो नशिबाचा भाग, पण दोन टिंबांचं घर घेऊन दोन्ही वाटांनी पाच-सात पावलं जाऊन बघितलंत आणि दोन्हीकडे आ९उ४ मध्ये ६ च येतोय, तर तो ६ पक्का, याला फोर्सिंग चेन म्हणतात आणि यात अंदाज काहीच नाही. घर मात्र असं निवडा की दोन्ही आकड्यांनी पुढे लगेच काहीतरी हलतं. दोन वाटांना दोन रंग, नाहीतर दहाव्या पावलाला कुठली वाट कुठली ते समजत नाही. आत्ये अजून बॉलपेननेच सोडवते तो भाग वेगळा.

दिलेले आकडे मोजून कठीणपणा ठरवू नका हे पण सांगून ठेवतो. कमीत कमी १७ आकडे दिलेले असावे लागतात, १६ मध्ये एकच उत्तर असलेलं सुडोकू बनत नाही हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायरने २०१२ मध्ये कॉम्प्युटरने सगळं तपासून दाखवलं, पण त्या १७ वाल्यांतली बरीचशी साध्या एकट्या आकड्यांवर, म्हणजे घरात एकच आकडा उरतो किंवा आकड्याला एकच जागा उरते एवढ्यावर, सुटतात. उलट फिनलंडच्या आर्तो इंकालाचं २००६ चं एआय एस्कार्गो, त्यात २३ आकडे दिलेत आणि वर सांगितलेल्या विंगांपैकी काहीच त्याला पुरत नाही, सुडोकू एक्स्प्लेनर त्याला १०.५ मार्क देतो. तसलं काही हातात आलं तर सरळ फोर्सिंग चेनच्या दोन रंगांनी सुरुवात करा, विंग शोधण्यात वेळ घालवू नका.

सराव करायचा तर होडोकू म्हणून एक फुकट प्रोग्राम आहे, त्यात एकच टेक्निक निवडून फक्त तीच लागेल अशी सुडोकू मागता येतात. आठवडाभर फक्त डब्ल्यू-विंग, मग पुढचं. लाईट असेल तेव्हा प्रिंट काढून ठेवा, एका पानावर दोनच, नाहीतर टिंबांना जागा उरत नाही.